भ संपले

"नानासाहेब, भ संपले," अक्षरांचे खिळे जुळवणारा मल्हारी म्हणाला.

छापखान्याचे मालक नानासाहेब खिडकीशी बसून कादंबरीची प्रुफं तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही. "खणात नीट बघ."

"बघितलं. खण रिकामा हाय. उरले तेवढे भ तिथं अडकलेत." मल्हारीनं टेबलाकडं बोट केलं.

टेबलावर पत्रकाचा फर्मा, जुळवलेल्या खिळ्यांची चौकट, कसून बांधून ठेवला होता. विद्यापीठाच्या नामांतरासाठी उद्या मोर्चा निघणार होता. कागदाची बचत व्हावी म्हणून एकाच फर्म्यात चार पत्रकं जुळवली होती. प्रत्येकात भव्य मोर्चा, प्रत्येकात बंधू-भगिनी, भडकल गेट आणि शेवटी जय भीम. त्याखाली एक ओळ कोरी. छापखान्याचं नाव टाकू नको, असं नानासाहेबांनी आधीच बजावलं होतं. सकाळपासून उस्मानपुऱ्यात लाईट नव्हती, म्हणून मशीन बंद होतं आणि फर्मा तसाच पडून होता.

कादंबरी किशोरवयीन मुलांसाठी होती. लिहिणाऱ्या द्वारकाबाई हायस्कुलात शिकवायच्या. चिकलठाण्याच्या एका कारखान्याखाली बुजवलेली बारव, तिच्यातून तिसऱ्या पाळीला वर येणारं भूत आणि बापाचा डबा घेऊन निघालेली एक पोरगी, अशी ती गोष्ट. नानासाहेबांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. चुका दुरुस्त करता करता ते समासात पेन्सिलीनं शेरे मारत. 'भुतानं हजेरीचं कार्ड पंच केलं का?' 'इथे मला जांभई आली.' प्रत्येक प्रकरणाला एकदा तरी ते मोठ्यानं हसले होते.

आता शेवटचं प्रकरण तेवढं जुळवायचं राहिलं होतं. थोड्या वेळात बाई प्रुफं न्यायला येणार होत्या.

"मग ते सोड," नानासाहेब म्हणाले.

"काय सोडू?"

"ते रे. टेबलावरचं. त्यातले भ घे अन् बाईंचं काम पुरं कर."

"मुकुंदवाडीची पोरं संध्याकाळी न्यायला येनारेत. आता सोडलं तर उद्याच्याला व्हत नाय. तुम्हीच शब्द दिलाय."

"दिला होता. गावाकडं लोक विचारायलेत, नानासाहेब, शहरात काय काय छापता म्हणून. ते नाही झालं तर नाही झालं."

मल्हारीनं फर्मा ढिला करायची चावी उचलली आणि नानासाहेबांच्या पुढ्यात ठेवली. "मी जुळवलेलं मी सोडनार नाय. तुम्ही सोडा."

नानासाहेबांनी चावीकडं पाहिलं. हात लावला नाही. "मग काय, बिनभाचं भूत छापतोस?"

"छापतो."

"लई शहाणा आहेस. लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नसतो."

"बाईंना नाय पटलं तर काढून टाकतील. पन आधी तुम्ही वाचा. वाचून तुम्ही हसला, तर फर्मा मी माझ्या हातानं सोडतो."

नानासाहेब आत्ताच हसले. "हो. चल."

मल्हारी खिळ्यांच्या खणांपाशी गेला. शीळ घालत त्यानं खिळे उचलायला सुरुवात केली. हस्तलिखितात 'भिंत' आली, तिथं त्यानं 'अंधार' घातला. 'उभी राहिली'चं 'थांबली' केलं. 'भीती' आली तिथं काहीच घातलं नाही. 'भूत' आलं, तिथं फक्त 'ते'. मग शाईचा रूळ फिरवून त्यानं हातानंच प्रूफ काढलं आणि ओला कागद नानासाहेबांपुढं धरला.

नानासाहेबांनी पेन्सिल उचलली आणि वाचायला लागले.

'पाळी सुटली. मशीन थांबलं. पोरगी डबा घेऊन दाराशी थांबली. आत अंधार होता. अंधारात ते होतं. ती काही बोलली नाही. ते जवळ आलं. तिच्या हातातला डबा हलका झाला. मग ते तिच्या बापाच्या आवाजात म्हणालं, आलीस?'

पेन्सिल कागदाच्या वर थांबली. नानासाहेबांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. लाईट नसल्यानं मागच्या बाजूला, जिथं कागदाची रिमं रचलेली होती, तिथं दुपारीही काळोख होता. त्यांनी एकदा तिकडं पाहिलं.

"ते मागचं दार लोट," ते म्हणाले. "वारा येतोय."

"वारा कुठंय? पान बी हलंना."

"लोट म्हणलं ना."

मल्हारीनं दार लोटलं. परत आला तेव्हा नानासाहेब अजून त्याच पानावर होते.

"हे 'ते' म्हणजे काय रे?"

"आमचं घर मेंढरावालं. कन्नडच्या घाटात मेंढरं बसवली का रात्री लांडग्याचं नाव घेत नाय. 'ते आलं' म्हनायचं, बस. ज्याचं भ्या वाटतं, त्याचं नाव कुनी घेत नाय."

नानासाहेबांनी पेन्सिल कागदावर टेकवली. त्यांनी समासात लिहिलं, 'बाई, हे असेच राहू द्यावे.' खाली सही केली.

तेवढ्यात बल्ब लागला. कोपऱ्यात मोटर घरघरली.

"मल्हारी," नानासाहेब म्हणाले, "ते घे मशीनवर."

मल्हारी जागचा हलला नाही. "काय घेऊ?"

नानासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग टेबलावरच्या फर्म्याकडं. पुढ्यातली चावी उचलून त्यांनी मल्हारीच्या हातात दिली.

"नामांतराचं पत्रक," ते म्हणाले. "शाई दाबून लाव. लांबून वाचता आलं पाहिजे."

मल्हारीनं फर्मा छातीशी धरून उचलला. मशीनपाशी पोचतो न पोचतो तोच मागून आवाज आला.

"खालची ओळ अजून कोरीच आहे का?"

"व्हय. तुम्हीच नको म्हनला होता."

"आपल्या छापखान्याच्या नावात भ येतो का रे?"

"नाय."

"मग टाक."