सासऱ्यांचा कोट

“हा रंग नव्हे,” सासू म्हणाली. “ह्यांचा कोट निळा नव्हता.”

“मग कोणता होता?” सुनेने विचारलं.

“त्याला विचार.”

तो म्हणजे सुनेचा नवरा. नुकताच कामावरून आला होता आणि सोफ्यावर मोजे काढत बसला होता. मान वर न करता त्याने सांगितलं, “चॉकलेटी. आणि डोळे घारे.”

सुनेने दातओठ खात लॅपटॉप आपल्याकडे वळवला. सासरे गेले तेव्हा हा पाळण्यात होता, असं सासूच सांगत आली होती. मग याला कोटाचा रंग कुठून ठाऊक असणार? आईने पढवलेला पोपट, दुसरं काय! पण सासू-सुनेचं आधीच विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यात रंगावरून आणखी तोंड कुठे वाजवायचं? तिने निळा थर पुसला आणि चॉकलेटी भरायला घेतला.

काम तिच्या रोजच्यातलंच होतं. फोटोच्या दुकानात ती जुने काळे-पांढरे फोटो रंगवायची. कातडीचा एक थर, केसांचा एक, कपड्यांचा एक. माउस धरून कडेकडेने रंग फिरवायचा आणि खालच्या सुरकुत्या बुजू द्यायच्या नाहीत. सॉफ्टवेअर आपणहूनही रंग भरतं, पण त्याला अक्कल बेताची. कोट दिसला की केला निळा. खरा रंग घरच्यांनाच विचारावा लागतो, आणि घरचे त्यावरून भांडतात. पण सासूइतकं तिला कुणी छळलं नव्हतं. “जगातल्या मेलेल्यांना रंग फासतेस, घरच्या माणसाचं काय?” असं टोचून हे काम सासूनेच तिच्या गळ्यात घातलं होतं आणि आता नाकीनऊ आणले होते.

तशी त्या फोटोवर तिची पहिल्यापासूनच खुन्नस होती. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवरून तो एक चेहरा सगळं घर चालवायचा. जेवताना रेडिओ नको, ह्यांना आवडत नसे. पडदे बदलायचे नाहीत, ह्यांना खपलं नसतं. सुनेने दुकानाजवळ भाड्याच्या दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, दोघांपुरत्या. घरमालक सोमवारपर्यंत थांबायला तयार होता. नवऱ्याचं उत्तर मात्र ठरलेलं. बाबांच्या माघारी आईने एकटीने वाढवलं, तिला टाकून गेलो तर त्या फोटोला काय तोंड दाखवू? जिवंत माणसाशी भांडता येतं, मेलेल्याशी कसं भांडायचं हे सुनेला कळत नव्हतं.

ते दुकानात कळलं. एक म्हातारा फोटोग्राफर आपला स्टुडिओ बंद करून आला होता. स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलेले नमुन्याचे फोटो त्याने खोक्यात भरून आणले होते आणि आठवण म्हणून ते सगळे रंगवून हवे होते. सुनेने खोकं उघडलं. वरचे चार-पाच फोटो बाजूला केले, तर खालून सासरे निघाले. तोच कोट, तोच पुठ्ठ्याचा खांब, तीच किंचित तिरकी मान.

“हे कोण?” तिने जमेल तितक्या सहज विचारलं.

“मेहुणा माझा,” म्हातारा म्हणाला.

चेहरा बरा म्हणून त्यालाच नमुन्याला उभा केला होता, असं त्याने कौतुकाने सांगितलं. कोट स्टुडिओचाच, राखाडी, सगळ्या गिऱ्हाइकांना चढवायचा. मेहुण्याने पुढे लग्न काही केलं नाही. परवाच येऊन जेवून गेला आणि दोनदा वाढून घेतलं.

सुनेला हसू आवरेना. सासरा जिवंत होता, बिनलग्नाचा होता आणि पोटभर जेवत होता. म्हणजे सासूला नवरा नव्हताच, किंवा असला तर भिंतीवर लावण्याच्या लायकीचा नव्हता. स्टुडिओतून आणलेला एक फोटो टांगून या बाईने इतकी वर्षं घर दावणीला बांधलं होतं आणि पोटच्या पोराच्या डोळ्यांत धूळ फेकली होती. सुनेला तिची दया आली नाही. तिला आनंद झाला, अगदी मनापासून.

रविवारपर्यंत तिने कळ काढली. रात्रीची जेवणं झाली. नवरा स्वयंपाकघरात ताटं विसळत होता. तिने टेबल पुसलं आणि सासूसमोर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, एक रंगवलेला, एक खोक्यातला. फोटोग्राफर काय म्हणाला तेही सांगितलं.

सासूच्या तोंडचं पाणी पळालं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती सुनेशी हलक्या आवाजात बोलली.

“त्याला कळू देऊ नकोस. त्या खोल्या घ्या तुम्ही, मी स्वतः त्याला जा म्हणते. एवढं एक ऐक माझं.”

खोल्या तर मिळाल्या होत्या. पण सुनेचं आता खोल्यांवर भागणार नव्हतं, तिला इतक्या वर्षांचं उट्टं काढायचं होतं. तिने नवऱ्याला हाक मारली. तो आला आणि तिने एका दमात सगळं ऐकवलं. मेहुणा, राखाडी कोट, स्टुडिओची काच.

“हे तुझे बाबा नाहीत,” सून म्हणाली. “आईंनी तुला जन्मभर फसवलं.”

नवऱ्याने ओले हात पँटला पुसले. दोन्ही फोटो उचलून दिव्याखाली धरले. मग खुर्ची ओढून तो आईच्या शेजारी बसला.

“आईला वाटतं मी विसरलो. ती काच उंच होती,” तो म्हणाला. “मला दिसत नव्हतं, म्हणून आईने उचलून घेतलं आणि विचारलं, ‘यांतले कोणते बाबा हवेत तुला?’”