बाधलेलं दूध

सरूनं पाळण्यात वाकून पाहिलं मात्र, मागून सासू, गिरजाबाई, खेकसली, "लांब हो गो. पोराला नजर लागंल."

सरू लांब झाली. सासूचं फारसं चुकत नव्हतं, हेच तिला जास्त झोंबलं. धाकटी जाऊ रंभा दीड महिन्यापूर्वी बाळंत झाली आणि तेव्हापासून सरूचा नुसता जळफळाट चालला होता. सगळं गागोदं गाव पोराला बघून गेलं. जो तो म्हणे, काय गुणाचं पोर, रडत म्हणून नाय. रंभाला डिंकाचे लाडू, रंभाला शेक, रंभानं उठायचंसुद्धा नाही. आणि सरूनं चुलीपाशी धूर खायचा.

आठ वर्षांपूर्वी तिलाही मुलगा झाला होता. तीन महिन्यांत गेला. तेव्हा गिरजाबाईनं सरूचं दूध वाटीत काढून त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. आता मुंगी दुधात मरणार नाही तर काय पोहणार? पण घरानं ठरवून टाकलं, दूध बाधलं, पोर आईनंच मारलं. त्यानंतर सरूला दिवस गेले नाहीत.

दुपारी रंभा पोराला पाजत होती. सरू दारातून बघत राहिली. जळणाऱ्या माणसाइतकं निरखून दुसरं कोण बघतं? पोर दोन घोट ओढी आणि दमून तोंड बाजूला करी. कपाळ घामानं चिंब. श्वासागणिक बरगड्या आत जात होत्या. हे सगळं तिनं एकदा आपल्या मांडीवर पाहिलं होतं. खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरंसुद्धा वाटलं. मग त्या बरं वाटण्याची तिला शिसारी आली.

बोलावं तर नजर लावली म्हणतील. म्हणोत.

"रंभा, पोर गुणाचं नाय गो, दमलेलं हाय. माझा पण पिताना असाच घामेजायचा. ऊठ, पेणला जाऊ."

गिरजाबाईनं घर डोक्यावर घेतलं. रंभानं पहिल्यांदाच सासूचं ऐकलं नाही. शेवटी तणतणत का होईना, गिरजाबाईही रिक्षात बसली.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी पोराची छाती बराच वेळ ऐकली, मग मशीन लावून आतलं पाहिलं. हृदयाला भोक होतं, आईच्या पोटात असल्यापासूनचं. आजपासून औषध सुरू करू, पुढं मुंबईत ऑपरेशन होईल, वेळेवर आणलंत म्हणून पोर चांगलं धावेल, असं त्या म्हणाल्या.

सरूनं चाचरत विचारलं, "दुधानं होतं का हो हे?"

"दुधाचा काय संबंध? दूध पिताना ते फक्त दिसतं. बघणारं कुणी असलं तर."

गिरजाबाईनं मान खाली घातली. रंभानं रडत सरूचे पाय धरले. सरूला आता पोराचा हेवा वाटत नव्हता. हेवा वाटला तो एवढ्याचाच, की रंभाला थोरली जाऊ होती.