रिकाम्या गावाचे फोटो

तिसऱ्यांदा म्हातारी फोटोच्या मधे आली. कहकशांनं कॅमेरा खाली घेतला.

"अव्वा, जरा बाजूला होता का?"

"होते की," म्हणत दानम्मा दोन पावलं सरकली आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोरच उभी राहिली.

भूकंपाला अठरा वर्षं झाली होती. वाचलेली माणसं तेव्हाच तीन किलोमीटरवरच्या नव्या वस्तीत गेली. जुन्या गावात दगडामातीचे ढीग उरले, त्यांच्यावर बाभळी माजल्या. पण एक घर अर्धं उभं होतं. त्याच्यावर नवा पत्रा होता, दाराशी दोन शेळ्या होत्या. हे कहकशांला कुणी सांगितलं नव्हतं.

लातुरात तिचा फोटो स्टुडिओ होता. क्लासवाल्या सरांचे टॉपर पोरांचे बोर्ड तीच करायची. वर्षाचं निम्मं काम तेच. सरांना आता दोन हजार मुलांचं हॉस्टेल बांधायचं होतं, त्यासाठी जुन्या गावाची जागा हवी होती. अर्जाला फोटो लागत होते. "एकही माणूस दिसायला नको," एवढंच सर म्हणाले होते. तिनंही पुढं काही विचारलं नव्हतं.

"कशाला काढायलीस फोटो?" दानम्मानं विचारलं.

"शौक हाय मला."

"ढिगाऱ्यांचा?"

कहकशां देवळाच्या पडक्या भिंतीकडं वळली. म्हातारी मागोमाग आली. पाराकडं गेली, तर तिथंही. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं आधी कहकशांला वाटलं. पण म्हातारीची नजर चांगली शाबूत होती. कॅमेऱ्याचं तोंड कुठं वळतंय, तेवढंच ती बघत होती. इथं काहीतरी पुरलेलं असावं आणि ही ते राखत असावी, असं आता तिला वाटलं.

शेवटी दानम्माच म्हणाली, "लई उन्हात फिरायलीस. चहा ठेवते." आणि आत गेली.

कहकशांनं वेळ घालवला नाही. पार, देऊळ, गल्ली. शेळ्यांना भिंतीआड हाकलून घरसुद्धा. अकरा फोटो, एकातही माणूस नाही. तेवढ्यात सरांचा फोन आला.

"आलं का सगळं रिकामं?"

"आलं सर," ती हळूच म्हणाली.

गाडी वीस पावलांवर होती. ती निघालीही. मग आतून कप विसळल्याचा आवाज आला. ती वळली आणि पायरीवर येऊन बसली.

दानम्मानं तिच्या हातात कप दिला.

"झाले का माझ्याबिगर फोटो?"

कहकशांनं कॅमेरा मांडीवर पालथा ठेवला.

"तुझ्या आधी दोघं येऊन गेले. त्यांनाबी गाव रिकामंच पाहिजे होतं. मी चहा घेऊन बाहेर आले, तर नुसता गाडीचा धुरळा." दानम्मा समोर टेकली. "भूकंपात या घरातनं सहा माणसं मेलेली काढली. मी माहेरी होते म्हणून वाचले. हितं कुणी न्हाई असं कागदावर आलं, की मला उठवतील."

"मग आत कशाला गेलात?"

"तू कशी हायस ते बघायला. तू थांबलीस." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता तूच सांग, मी कुठं उभी राहू?"

 बारावीचे निकाल दीड महिन्यावर आले होते. हे काम गेलं तर बोर्डही जाणार होते. कहकशांनं कप खाली ठेवला, दानम्माला दिसेल असा कॅमेरा धरला आणि अकराच्या अकरा फोटो एकेक करून पुसले.

"उंबऱ्यात उभ्या राहा, अव्वा," ती म्हणाली. "फोटोखाली तुमचं नाव अन् आजची तारीख छापते."