यकृतात कातडी

यकृताच्या पेशी मोडीत काढायच्या प्रथिनांना युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाची चिठ्ठी डकवतात. अशी चिठ्ठीवाली प्रथिनं ओळखता आली, तर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थिनीला पीएचडी आणि तिच्या मार्गदर्शक सरांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती. त्यामुळे नळीतली प्रथिनं ओळखणारं मशीन चालू असताना दोघांचाही पाय एका जागी ठरत नव्हता.

निकाल आला. सगळ्यात जास्त सापडलं ते माणसाच्या कातडीचं प्रथिन!

"अगं, यकृत तपासायला सांगितलं होतं, स्वतःची सालं काढून टाकलीस की काय नळीत?" सर कडाडले. "वर्षभराचं काम मातीत! कर आता पहिल्यापासून."

टोपी, मास्क, हातमोज्यांत गुरफटलेली ती नुसतं "हो सर" म्हणाली.

 

उघड्या नळीवर वाकून, दाढी खाजवत रोज "बघू, बघू" करणाऱ्या सरांचीच सही तिच्या पीएचडीला लागणार होती.