उरलेल्या गोळ्या

क्यूबाच्या सरकारने व्हेनेझुएलात पाठवलेल्या डॉक्टर यामिसेलच्या दवाखान्यात आज चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. तरी साहेबांनी फोनवर दम भरलाच, "पेशंट नाहीत? मग नावं तयार कर! आणि त्यांच्या गोळ्या कपाटात उरलेल्या दिसल्या, तर परत घरी आणि डॉक्टरकी बंद."

तिने ब्लडप्रेशरच्या गोळ्या संडासात ओतल्या. त्या तरंगतच राहिल्या, म्हणून पुन्हा पाणी सोडलं.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. "आई, प्रेशरची गोळी घेतलीस?"

"कुठली गं! इथल्या दुकानात महिनाभर नाहीत. तुझ्या तिकडच्या पेशंटना पाठवतात म्हणे. मी काही कुरकुर केली नाही हो."

"आई..."

"कुणाच्या तरी आईला मिळतायत ना? मग झालं!"