पेटीचा दांडा

इस्पितळाची वीज गेली तेव्हा श्वास देणाऱ्या पेटीच्या दांड्यापाशी नेमके, आपला पेशंट बघायला आलेले डॉक्टर वामनराव उभे होते.

पेटी लाकडी, माणसाच्या लांबीची, विलायतेहून दान आलेली. आत डोमाजी ड्रायव्हर. नुसतं डोकं बाहेर, गळ्याभोवती रबराची पट्टी. मोटार भाता हलवायची आणि भाता डोमाजीची छाती. मोटार बंद पडली तशी सिस्टरने वामनरावांचा हात धरून दांड्यावर ठेवला. वॉर्डबॉय मिस्त्रीला आणायला पळाला.

खाली. छाती भरली.

वर. श्वास बाहेर.

राजापेठेत ज्यांच्या दवाखान्यात पेशंट चपला बाहेर काढून येत, ते वामनराव आता लोहाराच्या पोरासारखे भाता हलवत होते. तेही कुणासाठी, तर धारणीच्या एस.टी.वरच्या ड्रायव्हरसाठी. हे लोक बौद्ध झाले, खुर्चीवर बसायला लागले, आता डॉक्टरला औषधं शिकवतील, असं ते क्लबात पत्ते पिसताना म्हणत. कोणीतरी हसे. तेवढं त्यांना पुरे.

डोमाजी लघवीची जळजळ घेऊन आला होता. वामनरावांनी पिवळ्या गोळ्या दिल्या. तो पुन्हा आला, ताप आणि खोकला घेऊन. गोळी घेतली की दम लागतो म्हणाला. वामनरावांनी बिडीला दोष दिला, मेळघाटातल्या धुळीला दिला, गोळ्या वाढवून दिल्या, आणि भरल्या दवाखान्यात त्याला असा एक प्रश्न विचारला की बसलेले सगळे हसले. डोमाजी खाली मान घालून गेला. परत आला तो थेट या पेटीत. तेव्हाही इथल्या मोठ्या डॉक्टरांना, उत्तमरावांना, वामनरावांनी न्यूमोनिया सांगितला आणि गोळ्या बंद करू नका म्हणून बजावलं.

सिस्टर आताही तीच गोळी चमच्यात मधाबरोबर कुस्करत होती.

खाली. वर.

दंड भरून आले. डोमाजीची बायको जाईबाई भिंतीला टेकून उभी होती. जरा धर, अशी वामनरावांनी तिला खूण केली. ती हलली नाही.

"मी अडानी बाई, डाक्टर. मले काय समजते त्यातलं? तुमीच तं म्हटलं होतं."

सिस्टरने चमचा पुढे केला. डोमाजीने ओठ मिटले, मान फिरवता येईल तेवढी फिरवली. उत्तमराव वाकले आणि काय झालं ते विचारलं.

पेटीतल्या माणसाला बोलायचं तर ते श्वास बाहेर जातानाच. दांडा वर गेला की शब्द. शब्द डोमाजीचे, दम वामनरावांचा.

"थे गोळी..."

खाली. वर.

"घेतली का..."

खाली. वर.

"दम कोंडते..."

चमचा हवेतच थांबला. हे वामनरावांना सांगितलं नव्हतंस का, असं उत्तमरावांनी विचारलं. वामनरावांकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

"सांगतलं..."

खाली. वर.

"तं म्हने..."

खाली. वर.

"डाक्टर तू..."

खाली.

दांडा खालीच राहिला. हाताला रग लागली होती, असं पुढे क्लबात सांगता आलं असतं. डोमाजीची छाती भरलेली, डोळे मोठे मोठे होत चाललेले. सिस्टर चमचा टाकून धावणार, तेवढ्यात जाईबाई बोलली. आवाज चढवला नाही.

"उचला, डाक्टर. तुमचंच बोलनं हाय थे. पुरं होऊ द्या."

वामनरावांनी दांडा उचलला.

"...का मी?"

या वेळी कोणी हसलं नाही. उत्तमरावांनी बोटाने खूण केली आणि सिस्टरने चमचा बेसिनमध्ये रिकामा केला. गोळ्यांची बाटली उचलून तिने खिशात घातली.

मग वीज आली. छताचा पंखा फिरला, मोटार घुरघुरली, भाता आपला आपण चालू लागला. वामनराव मात्र दांड्याबरोबर खाली वर होतच राहिले. आता हात सोडला तरी चालेल, एवढंच त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

जाईबाई बघत होती. तिने सांगितलं नाही.