निघताना बरोबर होतं

पडद्यावरच्या माशाचा पार चिवडा झाला होता. मुळात तो नुसत्या काट्यांचाच मासा, पण आता काटेही जागेवर नव्हते. डोकं शेपटीपाशी जाऊन बसलं होतं. डोळा वर कोपऱ्यात कंपनीच्या नावाला चिकटला होता. मराठी अक्षरांच्या जागी तर चौकोनच चौकोन. आकुर्डीच्या त्या हॉलात दोनशे माणसं बसलेली. मागून कुणीतरी म्हणालं, "जेवण झालं वाटतं कुणाचं तरी!"

रविराजला दरदरून घाम फुटला. तो महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. क्वालिटी सर्कलच्या स्पर्धेसाठी हा मासा, म्हणजे चुकीची कारणं शोधायची आकृती, त्यानं तीन आठवडे खपून वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये काढला होता. माशाच्या डोक्यात ग्राहकाची तक्रार आणि एकेका काट्यावर एकेक कारण. सकाळी त्यानं तो मासा उचलून पीपीटीत टाकला, पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि इथल्या कॉम्प्युटरला आणून लावला. झालं! आता एक काटा धरून वर न्यावा, तर तीन खाली येत होते. डोकं सरळ करायला गेला, तर मासा पोट वर करून पोहायला लागला.

"चूक शोधू, चूक सुधारू!" वेळ मारून न्यायला वर्षाराणीनं घोषणा दिली. टीमच्या वतीनं बोलायचं काम तिच्याकडे होतं, पण बोलायला मासाच उरला नव्हता. चौथ्या वेळी अख्खा हॉल तिच्याबरोबर ओरडला. रविराजनं तिच्याकडे असं बघितलं की पाचवी घोषणा तिनं गिळली.

स्टेजच्या कडेला गोरक्ष उभा होता, हातात काठी घेऊन. त्यानं काठीनं काटे दाखवायचे आणि तोंड उघडायचं नाही, असं त्याला बजावून आणलं होतं. कामगारांच्या सहभागाला दहा मार्क असतात ना, म्हणून. पॅकिंगमध्ये आठ वर्षं काढलेला माणूस, पण आज त्याची किंमत दहा मार्क. आणि खरं सांगायचं तर त्या माशाची अशी दशा बघून त्याला मनातून भारी आनंद झाला होता.

का होणार नाही? तक्रार अशी होती की महाळुंग्यातून गेलेले लोखंडी ब्रॅकेट ग्राहकाकडे पोचेपर्यंत ठेचलेले असतात. माशाच्या सगळ्यात जाड काट्यावर रविराजनं त्याचं कारण लिहिलं होतं: पॅकिंग कामगाराचा निष्काळजीपणा. प्रकल्प पास झाला की सोमवारपासून गोरक्षची रवानगी शॉट ब्लास्टिंगला. तिथं दिवसभर लोखंडी छऱ्यांचा मारा, कानात खडखडाट, नाकात धूळ. त्या धास्तीनं चार दिवस त्याला घास गोड लागत नव्हता.

सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं होतं. "साहेब, हितनं निघताना माल बरोबर असतो. सुट्टे नग हायेत, टेम्पोत हालत्यात. मधी पुठ्ठे द्या, वरनं बांधायला पट्टी द्या."

रविराजचं उत्तर ठरलेलं. "गोरक्षभाऊ, सबबी नकोत. माल खराब पोचला ना? मग पॅक करणाऱ्याचंच लक्ष नव्हतं."

टण्ण! परीक्षक अण्णासाहेबांनी घंटी वाजवली. उभी हयात टूल रूममध्ये घालवून निवृत्त झालेला हा माणूस. त्यांनी चष्म्यावरून पडद्याकडे बघितलं.

"अहो, हे काय आणलंय? आणायच्या आधी एकदा बघायचं तरी!"

"बघितलं होतं ना सर! दहा वेळा बघितलं. माझ्या लॅपटॉपवरून निघताना सगळं बरोबर होतं."

"मग इथे येईपर्यंत काय झालं?"

"सर, सगळे सुटे तुकडे होते. एकत्र बांधून घ्यायचे राहिले. तिकडून इकडे आणताना हलले." रविराजचा आवाज रडवेला झाला. "तीन आठवडे जीव ओतलाय हो मी! मला निष्काळजी म्हणू नका."

गोरक्षची काठी खाली आली. त्यानं वर्षाराणीच्या हातातला माइक घेतला. बजावणं गेलं खड्ड्यात!

"साहेब, आमचं बी आठ वर्सं हेच म्हणणं हाय."

"कशाचं? माशाचं?"

"न्हाई ओ, ब्रॅकेटचं. कंपनीतनं निघताना बरोबर, टेम्पोत सुट्टे हालून ठेचत्यात." गोरक्षनं काठीनं चौकोनांनी भरलेला एक जाड काटा टोचला. तो आता माशाच्या नाकात गेला होता. "ह्यो काटा माझा. ह्याच्यावर माझा निष्काळजीपणा लिवलाय. दिसंना, पण हाय."

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग कळलं, आणि अख्खा हॉल फुटला. वर्षाराणी तोंडावर ओढणी धरून हसत होती. रविराजच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. बिचारा पडद्याकडे बघेना, गोरक्षकडेही बघेना.

"उपाय काय काढलाय?" अण्णासाहेबांनी विचारलं. "पुढची स्लाइड घ्या."

रविराजनं बटण दाबलं. ही स्लाइड म्हणजे मोठ्या साहेबांच्या सहीशिक्क्याच्या कागदाचा नुसता फोटो होता, त्यामुळे तेवढी एकच जशीच्या तशी पोचली होती. अण्णासाहेबांनी ती सावकाश, मोठ्यानं वाचली.

"माल नीट न बांधणाऱ्या कर्मचाऱ्याची सोमवारपासून शॉट ब्लास्टिंग विभागात बदली."

त्यांनी चष्मा काढून पुसला. गोरक्षला हातानंच बस म्हणून सांगितलं, आणि मग रविराजकडे वळून अगदी मायेनं विचारलं,

"मग रविराज, सोमवारी पहिल्या शिफ्टला जाताय, का दुसऱ्या?"